एकजण बाहेर बसा

नवरा-बायको जोडीनं दारात आले की रिटर्नकाका चष्म्याच्या वरून दोघांकडं आळीपाळीनं पाहायचे आणि म्हणायचे, "एकजण बाहेर बसा." या नाही, बसा नाही, पाणी घेता का नाही. कालच लग्न झालेलं असो की नातवंडं खेळत असोत, आयकराचं रिटर्न भरायचं तर आत एकच माणूस. दुसऱ्यानं ओसरीतल्या बाकावर बसून हायवेवरचे ट्रक पाहायचे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या लाखनीत बाया त्यांना रिटर्नकाका म्हणत. पुरुष मंडळी पाठीमागं 'घरफोड्या' म्हणत आणि जुलै महिना लागला की त्याच घरफोड्याच्या दारात मुकाट्यानं चपला काढत.

काका मूळचे एकोडीकडचे. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत रिटर्न भरून द्यायला लागले. एक टेबल, एक संगणक, त्यावर काकूंच्या जुन्या साडीचं झाकण, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आधार कार्डाची झेरॉक्स हातात पडली की आधी तिच्यावर आडवं लिहायचे, 'फक्त रिटर्नसाठी', आणि खाली तारीख. समोरचा म्हणायचा, "काका, तुमच्यावर विश्वास आहे जी." काका मान वर न करता म्हणायचे, "माह्यावर कायले ठेवता? मी तुमच्यावर ठेवला का?"

मी शाळेत शिकवते. संशय घेण्यात मी काही कमी नाही. वर्गात मागच्या बाकावर शांतता झाली की मी आधी तिकडंच जाते. माझे वडील मोहाडीला कोशाचं रेशमी कापड विणायचे, तेही व्यापाऱ्यानं तागा मोजला की स्वतः पुन्हा मोजायचे. तेव्हा माझं आणि काकांचं पहिल्याच भेटीत जुळायला हवं होतं. पण नाही जुळलं. मला तो माणूस मनापासून आवडला नाही.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. विलासचं, म्हणजे माझ्या तेव्हाच्या नवऱ्याचं, हायवेला बी-बियाण्यांचं दुकान होतं. दोघांचं रिटर्न एकदमच टाकू म्हणून तो मला घेऊन गेला. काकांनी त्याला बाहेर बसवलं. तो हसत म्हणाला, "अहो, आमी काय दोन आहो का? नवरा-बायको आहो." काका म्हणाले, "जेवाले एक ताट चालते, रिटर्नले दोन लागते." आणि खरंच आहे ते. आपल्याकडं नवरा-बायकोचं मिळून एक रिटर्न नसतंच. ज्याची कमाई, त्याचं रिटर्न, त्याचा कर. विलास बाहेर गेला, पण जाताना माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्याला उठवलं.

काकांनी माझा फोन मागितला. ओटीपी येईना. आला तो बाहेर, विलासच्या फोनवर. मग अर्धी दुपार नंबर बदलण्यात गेली. "ज्याचा पॅन, त्याचा फोन," काका पुटपुटत होते. "आपल्या जिल्ह्यातल्या अर्ध्या बायांचा ओटीपी नवऱ्याच्या खिशात आहे." मला राग आला. माझा नवरा, माझा फोन, यात ह्या म्हाताऱ्याचं काय जातं? तेवढ्यात ते स्क्रीनकडं बोट करून म्हणाले, "मॅडम, तुमच्या नावानं भाड्यावरचा टॅक्स कापलेला दिसून राहिला. हायवेवरच्या गाळ्याचा."

मी म्हणाले, "कोणता गाळा?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमचा," म्हणाले. "तुमच्या नावाचा गाळा आहे, फायनान्स कंपनीले भाड्यानं देला आहे. तुमाले नाही माहीत?" मला खरंच माहीत नव्हतं. लग्नानंतर बँकेत नेऊन विलासनं माझ्या सह्या घेतल्या होत्या, एकदा रजिस्ट्री ऑफिसलाही नेलं होतं. मी सासरी नवीन. सही कर म्हटलं, केली. एका क्षणात मी मालकीणही झाले आणि मूर्खही ठरले. काकांनी मला बाहेर पाठवलं आणि त्याला आत घेतलं.

तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झालेले. काकूंनी चहा आणला तर "ॲसिडिटी आहे" म्हणाला. त्या घरचा चहा त्याला कधीच चालायचा नाही आणि त्याचं कारण ॲसिडिटी नव्हतं, हे मला कळत होतं. काकूंनाही कळत असणार, कारण त्यांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. काकांनी मला एवढंच सांगितलं, "हे भाडं तुमच्या रिटर्नमधी नाही धरलं. काहून नाही धरलं, ते घरी विचारा." घरी विचारलं. विलास म्हणाला, "तुह्याच नावावर घेतला ना? दुसरीच्या तं नाही घेतला?" दोन दिवस मला छान वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, हा 'दुसरीच्या' असं काहून म्हणाला?

हा नियम मला पुढं समजला. बायकोच्या नावावर नवऱ्यानं आपल्या पैशानं काही घेतलं, तर त्याचं भाडं, त्याचं व्याज नवऱ्याच्याच कमाईत धरतात. अशी कितीतरी मंडळी काकांकडं यायची. बायकोच्या नावावर मोठी मुदत ठेव टाकून मिशीला पीळ देत यायची, आता टॅक्स वाचला म्हणून. काका म्हणायचे, "बायकोले देलं, चांगलं केलं. प्रेम माफ आहे, व्याज माफ नाही." त्यांचं एक पक्कं मत होतं, जोडपं लय गोड बोलायला लागलं की कुठंतरी पाणी मुरतंय. भांडत आलेल्या जोडप्याचं काम ते पटकन करून द्यायचे. हसत आलेल्याला जास्त वेळ बसवायचे.

एकदा बाकावर माझ्या शेजारी लाखांदूरकडची एक म्हातारी येऊन बसली. तिचा नवरा निवृत्त शिक्षक, आता तो आत होता. बाई पदरानं डोळे पुसत होती. मी म्हटलं, काय झालं आजी? तर म्हणाली, "बाई, त्या साहेबानं मले एकटीले बसवलं. मले वाटलं चोरी धरली का काय. तं म्हंते, तुमच्या नावानं बँकेत गंज पैसे आहे, लाखानं आहे, माहीत आहे का? आता मले कुठून माहीत? मले तं पोरीले साडी घ्याची म्हटलं तरी ह्यायच्यापुढं हात पसरा लागते." मग एकदम थांबली. पदर खोचला. "येऊ दे बाहेर त्याले," म्हणाली. त्या दिवशी लाखांदूरच्या एसटीत काय झालं असेल ते त्या दोघांनाच ठाऊक. घरफोड्या हे नाव असं पडलं.

पण माणूस पक्षपाती नव्हता हो. वर्षातून एकदा ते काकूंचं रिटर्न भरायचे. काकूंच्या नावानं थोडी ठेव होती आणि त्या शिवणकाम करायच्या. तेव्हा काका काकूंना टेबलासमोरच्या खुर्चीत बसवायचे आणि परक्या बाईसारखं विचारायचे, "बाई, हा पैसा कोणाचा?" काकू कपाळाला हात लावायच्या. "अवो, तुमचाच तं आहे!" "मंग ह्याचं व्याज माह्यात धरतो. अन् शिवणाचे?" "ते माह्ये." "किती?" "ते तुमाले कायले सांगू?" मग काका गंभीरपणे उठायचे, स्वतः बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे आणि काकू शिवणाचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर पालथी ठेवायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

तर विलासचं आणि काकांचं फार दिवस टिकलं नाही. एक-दोन वर्षांत तो भंडाऱ्याच्या एका पोराकडं जायला लागला. "तो सेट करून देते सारं, प्रश्न नाही विचारत," म्हणाला. मी मात्र काकांकडंच राहिले. आवडत तर नव्हतेच ते मला. पण माझा फोन माझ्या हातात होता आणि समोरचा माणूस मला विचारून लिहीत होता, हे मला सवयीचं झालं होतं. दरवर्षी काका गाळ्याच्या ओळीवर थांबायचे आणि म्हणायचे, "हे भाडं तुमच्यात नाही धरत. तिकडं धरून राहिले का नाही, मले माहीत नाही. एक दिवस आयकरवाले विचारतीन तुमाले." मी मान हलवायची.

घरात तेव्हा बरंच काही बिघडत चाललं होतं. ते सगळं इथं सांगत बसत नाही. एवढंच सांगते की वेगळं व्हायच्या वर्षभर आधी मी काकांच्या समोर बसून विचारलं होतं, "मी माझ्या पगाराचं वेगळं खातं उघडलं, तर ते यांना कळेल का?" काकांनी मान वर केली. मला वाटलं, आता उपदेश करणार, संसार मोडू नका म्हणणार. ते म्हणाले, "माह्याकडून नाही कळणार." आणि पुढचा कागद घेतला.

मी मुलीला घेऊन वेगळी राहायला लागले आणि काही महिन्यांतच आयकर खात्याची विचारणा माझ्या फोनवर आली. गाळ्याचं भाडं तुमच्या नावानं दिसतं, रिटर्नमध्ये दिसत नाही, खुलासा करा. म्हणजे विलासच्या त्या सेट करून देणाऱ्या पोरानं ते भाडं त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नव्हतं. माझ्यात नाही, त्याच्यात नाही. पैसा मात्र दर महिन्याला दोघांच्या सामायिक खात्यात यायचा आणि विलास काढून घ्यायचा. त्यातला एक रुपया मी पाहिला असेल तर शपथ.

त्याच सुमारास फारकतीचा मसुदा आला. दोघांच्या संमतीनं घ्यायची होती. मसुद्यात काय, तर गाळा माझ्या माहेरच्या पैशानं घेतला होता, सगळ्या वर्षांचं भाडं माझं होतं, त्यावरचा कर, व्याज, दंड सगळं माझ्याकडं, आणि गाळा आता मी खुशीनं विलासला परत देते. गाळा त्याचा, टॅक्स माझा! माझ्या माहेरचा पैसा म्हणे. माझ्या बापानं आयुष्यात गाळ्याचं शटरसुद्धा विकत घेतलं नसतं. विलासनं निरोप पाठवला, "सही कर अन् मोकळी हो. नाहीतर तारखा खात बस." माझा वकील म्हणाला, "करून टाका मॅडम, मनःशांती मोठी." मनःशांती त्याच्या बापाची! त्या सहीनं माझी सगळी शिल्लक गेली असती, वर कर्ज झालं असतं, आणि मुलगी अजून शाळेत होती. सही नाही केली तर सुटका नाही. पंधरा दिवस मला झोप नव्हती.

एकच माणूस होता ज्याला खरं माहीत होतं. त्या पहिल्या वर्षी बंद दाराआड विलासनं काकांना सांगितलंच असणार की पैसा त्याचा आहे. त्याशिवाय काकांनी भाडं माझ्या रिटर्नमधून काढलंच नसतं. मी शाळा सुटल्यावर थेट काकांकडं गेले. आणि दारात पाहते तर विलासची पांढरी गाडी उभी.

मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहिले. माझ्या डोक्यात काय काय आलं, विचारू नका. विकला गेला म्हातारा. किती घेतले असतील? माझ्या वेगळ्या खात्याचंही सांगितलं असेल. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा माणूस, मी इतकी वर्षं याच्यासमोर मन मोकळं करत होते. गाडी गेली तशी मी तडक आत शिरले.

"आला होता ना तो?"

"आला होता," काका म्हणाले.

"काय म्हणाला?"

"ते त्याचं."

"काका, माझं वाटोळं होऊन राहिलं आहे, आणि तुम्ही मला हे सांगता? तुम्हाला माहीत आहे गाळ्याचा पैसा कोणाचा. त्यानं तुम्हाला सांगितलं आहे. दोन ओळी लिहून द्या."

"नाही देत."

"का? त्यानं पैसे दिले का?"

खोलीत काकू होत्या. त्यांच्या हातातलं काम थांबलं. असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. काका रागावले नाहीत. संगणकावर साडीचं झाकण टाकलं, नीट कोपरे ओढले आणि म्हणाले, "मॅडम, तोही हेच मागाले आला होता. त्याले वाटते तुमी मले काहीतरी सांगतलं, ते पाहिजे होतं त्याले. त्याले मी नाही म्हटलं. आता तुमाले हो कसा म्हणू? तुमी इथं बसून खात्याचं विचारलं होतं. ते मी त्याले सांगतलं असतं, तं चाललं असतं तुमाले?"

माझा राग गेला नाही, उलट वाढला. मी उठले तशी ते म्हणाले, "थांबा." फोन उचलला आणि माझ्यासमोर विलासला लावला. "उद्या सकाळी या. मॅडमही येतीन. हो, तो कागद घेऊन या."

विलास खुशीत आला. त्याला वाटत असावं, म्हातारा वळला. मलाही तेच वाटत होतं. दारात पाय ठेवला, आणि काका माझ्याकडं पाहून म्हणाले, "एकजण बाहेर बसा." मी! त्या दिवशीसुद्धा मीच बाहेर. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बाकावर ताठ बसले. कान दाराला लावले होते. धान भरलेले ट्रक जात होते, उड्डाणपुलाखाली कोणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होता. आतला एक शब्द ऐकू आला नाही. आवाज चढल्याचंही कळलं नाही. तेच जास्त वाईट वाटत होतं. दोघं मिळून शांतपणे काय ठरवत आहेत?

दार उघडलं. विलास बाहेर आला. इतक्या वर्षांत मी त्याचे सगळे चेहरे पाहिले होते, हा नव्हता पाहिला. मसुदा त्याच्या हातात होता, घडी घातलेला. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "ह्याच्यावर सही नको करू. नवीन लिहून आणतो." आणि गाडीत बसून गेला.

नवीन मसुद्यात गाळाही त्याचा होता आणि टॅक्सही त्याचाच. मागची रिटर्नं त्यानं दुरुस्त करून भरली, कर आणि व्याज चुकतं केलं. मी खात्याला काकांच्या मदतीनं उत्तर पाठवलं. फारकत झाली. काकांनी आत काय सांगितलं, काय आठवण करून दिली, की नुसतंच काही विचारलं, मला कळलं नाही. मी विचारलं नाही असं समजू नका. मी पुष्कळदा विचारलं. गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं, काकूंनाही खोदून विचारलं. काकू म्हणाल्या, "मले सांगतीन ते? मी तं बायकोच आहो."

पुढच्या जुलैला मी एकटी गेले. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं दाराकडं, आणि म्हणाले, "आता बाहेर कोणाले बसवू?" आम्ही दोघं हसलो. मग मी रडले. काकूंनी चहा आणेपर्यंत काका खिडकीबाहेर पाहत बसले होते. त्या दिवसापासून तो माणूस मला आवडायला लागला, असं मी म्हणेन. आवडायला लागला म्हणजे विश्वास बसला असं नाही. दरवेळी पावती हातात घेतल्यावर मी त्यांच्यासमोरच एकेक आकडा तपासायचे. त्यांना ते फार बरं वाटायचं.

गेल्या थंडीत काका गेले. दुखणं फार दिवस नव्हतं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्धांमधल्या गेलेल्या माणसासाठीच्या कार्यक्रमाला, मी मुलीला घेऊन गेले. मांडवात वंदना चालू होती. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सगळे पांढऱ्या कपड्यांत. अर्धी लाखनी होती. कितीतरी नवरे मान वळवून बायकांच्या बाजूला पाहत होते, आणि बायका नवऱ्यांकडं. मला मोठी गंमत वाटली.

निघताना विलास समोर आला. केस पांढरे झाले होते. मुलीशी दोन शब्द बोलला, तिला गाडीतून काहीतरी आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ सरकला.

"एक विचारू? आता तं ते गेले," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यायनं तुले सांगतलं होतं ना माह्यं सारं?"

सारं! म्हणजे गाळ्यापलीकडंही काही होतं. माझ्या जिभेवर प्रश्न आला. काय सारं? कोणाचं? कधीपासून? माझ्यासारख्या बाईनं तिथं तो सोडायला नको होता. मांडवात काकू पांढऱ्या साडीत बसल्या होत्या, मी त्यांच्याकडं पाहिलं आणि प्रश्न गिळला.

"नाही," मी म्हणाले. "एक शब्दही नाही."

विलास माझ्याकडं बघत राहिला. त्याची ती नजर मला चांगली ठाऊक आहे. त्याचा विश्वास बसला नाही.